पुलाखालची रांगोळी

पुलाखाली राहणारी ती बाई रोज सकाळी आपल्या ताडपत्रीपुढे सडा टाकून रांगोळी काढते. आमच्या सोसायटीत सगळ्यांनाच तिचा संशय. ‘गावाकडं घरं असतात यांची, ती भाड्यानं देऊन इथं येतात,’ असं शेजारचे काका छातीठोकपणे सांगतात. मलाही ते पटायचं. जिला उंबराच नाही, ती इतकी रेखीव रांगोळी कुणासाठी काढेल?

काल न राहवून विचारलं, “बाई, तुमचं घर कुठं होतं हो?”

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “कशाला हवंय? हा पूल व्हायच्या आधी असंच एक साहेब गोड बोलून विचारून गेले. पाठोपाठ बुलडोझर आला.”

आणि माझ्यादेखत तिनं हातानं रांगोळी पुसून टाकली.