परशरामअण्णांचा कान

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात परशरामअण्णा एकोणीस वर्षं स्पार्क मशीन चालवत होते. पण लोक नाव काढायचे ते त्यांच्या कानाचं. या मशीनमध्ये तेलात बुडवलेल्या पोलादावर तांब्याचा साचा हळूहळू खाली येतो. दोन्ही एकमेकांना टेकत नाहीत. मधल्या केसाएवढ्या फटीत विजेच्या ठिणग्या पडतात आणि पोलाद कुरतडत जातात. काम नीट चाललं असलं की बारीक तडतड ऐकू येते. ठिणगी एकाच जागी धरून बसली की आवाज बसका होतो, आणि पोलाद जळून खड्डा पडतो. अण्णा पाठमोरे उभे असले तरी तो आवाज ओळखून साचा वर उचलायचे.

त्यांचं घर वडगावातल्या विणकरांचं. घरातल्याच पॉवरलूमच्या खडखडाटात जन्म गेलेला. पन्नाशीनंतर कान जायला लागले, ते आधी त्यांच्या बायकोच्या, जयाबाईंच्या ध्यानात आलं.

"कुकरची शिट्टी बी तुम्हाला ऐकू येत न्हाय," त्या म्हणाल्या. "मालकांना सांगा."

"बघू," अण्णा म्हणाले. दोन वर्षं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. धूर आणि तेलातले बुडबुडे बघत मशीन चालवत राहिले.

गेल्या हिवाळ्यात एका मोठ्या डायचं, म्हणजे पोलादी ठशाचं, काम आलं. मशीनवर साचा शामूनं बांधला. शामू पिरनवाडीचा, नऊ वर्षं अण्णांच्या जोडीला. एके सकाळी मशीन चालू असताना तो स्टोअरमध्ये गेला होता आणि अण्णा मशीनपासून चार हात अंतरावर वाकून दुसऱ्या कामाचं माप घेत होते. एकाएकी शामू पळत आला आणि त्यानं मशीन बंद केलं. तोवर डायच्या मधोमध बोट जाईल एवढा काळा खड्डा पडला होता.

मालक दिग्विजय आले. "अण्णा इथं असताना असं होईलच कसं? साचा वाकडा बांधला असणार."

शामूनं अण्णांकडं पाहिलं. अण्णा मान खाली घालून उभे राहिले. त्याच दिवशी शामूला घरी बसवलं.

 चौथ्या दिवशी अण्णा मालकांसमोर उभे राहिले. "साचा सरळ होता. मलाच ऐकू आलं न्हाय. दोन वर्षं झाली, ऐकू येत न्हाय."

 मालक म्हणाले, "शामूला घेऊन या."

अण्णा पिरनवाडीला गेले. शामू दारातच उभा राहिला. "अण्णा, मला स्टोअरच्या दारातनं बसका आवाज आला. तुम्ही जवळ असून हलला न्हाईसा. मला तवाच कळलं."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुम्ही बोलशिला म्हणून थांबलो."

त्याला दुसरीकडं काम लागलं होतं. तो परत आला नाही.

अण्णांना मालकांनी काढलं नाही. कारखान्यातली इंजिनिअर पूर्णिमा खानापूरकडची. तिनं साच्याला आणि पोलादाला तारा जोडून त्या फटीतलं व्होल्टेज पडद्यावर आणलं. "अण्णा, ही रेघ बघा. चांगल्या ठिणगीच्या आधी व्होल्टेज वर चढून जरासं थांबतं, मग खाली येतं. ठिणगी धरून बसली की ते थांबत नाही, लगेच कोसळतं."

पण अशा किती रेघांनी काम बिघडतं, ते तिला ठाऊक नव्हतं. दोघांनी भंगारातल्या पोलादावर तीन आठवडे मुद्दाम खड्डे पाडून बघितले. अण्णा बुडबुड्यांवर नजर ठेवून सांगायचे, "एखाददुसरी सोड. ती आपली आपण सुधारते. लागोपाठ आल्या की उचल." पूर्णिमा प्रत्येक वेळची रेघ जपून ठेवायची. त्यातून तिनं आकडा बसवला. आता तशा रेघा लागोपाठ आल्या की मशीन आपणच साचा उचलतं आणि लाल दिवा लागतो. मालकांनी सगळ्यांसमोर अण्णांचं कौतुक केलं. ते ऐकून त्यांना बरं वाटलं नाही.

उगादीला, पाडव्याच्या दिवशी, ते पुन्हा पिरनवाडीला गेले. या खेपेला शामूनं आत बोलावलं, चहा दिला. नव्या कामाबद्दल तो हळू आवाजात सांगत होता.

"मोठ्यानं बोल रं," अण्णा म्हणाले. "मला ऐकू येत न्हाय."

शामूनं आपली खुर्ची त्यांच्या जवळ ओढली आणि पहिल्यापासून सांगायला लागला.