बुचांचं चिलखत

मी एकदा कॉम्प्युटरच्या पडद्यावर पदर टाकला होता. नेसत्या साडीचा, खराखुरा पदर. चाळिशी उलटलेली, साताऱ्याच्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर असलेली, चष्मा लावणारी बाई भर सायबर कॅफेत खुर्चीतून अर्धवट उठून मॉनिटरला मिठी मारल्यासारखी उभी होती. हे नातीला सांगितलं तर ती आठवडाभर हसेल, म्हणून अजून सांगितलेलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. राजवाड्याजवळच्या गल्लीत नवा कॅफे निघाला होता. ऑफिसात कॉम्प्युटर येणार अशी आवई होती, म्हणून मी शिकायला जाऊ लागले. ईमेल पाठवायला मला कोणी नव्हतं. माझं सगळं गोत सातारा आणि सांगलीत, आणि फोन तर माझ्याच हातात. मग कॅफेवाल्यानं मला एक खेळ दाखवला. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून एका काल्पनिक राज्यात तलवारी घेऊन फिरायची, राक्षस मारायची. मी एक लढवय्यी बाई घेतली आणि तिचं नाव ठेवलं रणरागिणी. तीन आठवडे मी उंदीर आणि लांडगे मारले. इंटरनेट तेव्हा फोनच्या तारेवरून यायचं; राक्षसासमोर गेलं की नेमका फोन कटायचा, आणि लाईन कुठल्या एक्स्चेंजला अडली असेल ते मलाच ठाऊक असायचं!

शेवटी राज्यातलं सगळ्यात भारी चिलखत घेण्याइतकी माझी ऐपत झाली. दुकानातल्या चित्रात ते एका पुरुषाच्या अंगावर होतं, गळ्यापासून घोट्यापर्यंत नुसतं पोलाद. मी ते घेतलं आणि रणरागिणीला घातलं. तिच्या अंगावर त्याच चिलखताच्या दोन वाट्या आणि कमरेला एक झालर झाली. बाकी लोखंड वितळून कुठं गेलं देव जाणे. संरक्षणाचा आकडा मात्र पुरुषाइतकाच! मागून कोणीतरी खुदकन हसलं आणि मी पदर टाकला.

"आवं, कोण गेलं?"

मागं एक उंच, काटक म्हातारी उभी होती. नाकावर चष्मा, गळ्यात मोजायची टेप. ती शेजारच्या गाळ्यातली शिवणकाम करणारी जनाक्का. कॅफेचा फ्यूज उडाला की तिचाही दिवा जायचा, म्हणून ती भांडायला आली होती. तिनं माझा पदर दोन बोटांनी उचलला, खाली पाहिलं, आणि कापडाचा नमुना पाहावा तशी बराच वेळ रणरागिणीला पाहत राहिली.

"ही लढाईला निघालीया का आंघोळीला?" तिनं विचारलं. मग एकदम धंद्याच्या आवाजात म्हणाली, "वर लोखंड, खाली लोखंड आन् पोट वैऱ्याला आंदण. शिवणाऱ्यानं हिला एकदा तरी हात वर करायला लावला हुता का?"

या शेवटच्या वाक्यात सगळी जनाक्का होती, हे मला पुढं कळलं.

ती मूळची रहिमतपूरकडची. नवरा फौजेत हवालदार. त्याच्याबरोबर ती वीसेक वर्षं देशभरच्या छावण्यांत राहिली आणि तिथल्या शिंप्यांच्या हाताखाली वर्द्या उसवत, शिवत शिकली. नवरा पेन्शनीत आला, थोड्या वर्षांनी गेला, आणि जनाक्कानं साताऱ्यात मशीन मांडलं. तिची माप घेण्याची रीत जगावेगळी होती. टेप लावण्याआधी ती गिऱ्हाईकाला विचारायची, "काम काय करताय?" आणि मग, "करून दाखवा." भाजीवालीला नसलेली पाटी डोक्यावर चढवायला लावायची. शाळेतल्या शिपाईणबाईला घंटा वाजवायला लावायची. एका नव्या नवरीला तिनं भर दुकानात, हवेत भाकरी थापायला लावली होती. नवरी लाजून पाणी पाणी झाली, पण जनाक्का हातातली टेप धरून ठाम उभी. "उभ्या मान्साचं माप मयताला घेत्यात," ती म्हणायची. "जित्या मान्साचं हलताना घ्यायचं."

मला तिनं फोन जोडायला लावला. बोर्डाच्या वरच्या भोकात प्लग खुपसते तसा मी उजवा हात वर, लांब नेऊन दाखवला. "हां! हितं ढिल पायजे." माझे ब्लाऊज कायम उजव्या काखेत उसवायचे आणि मी वीस वर्षं माझ्या दंडाला दोष देत आले होते. तसं मी म्हणाले, तर ती उखडलीच. "अंगाला नावं ठेवू नगा ताई. शिवणाऱ्याला ठेवा."

आता माझा दुसरा मूर्खपणा. पहिला तर नुसता हसण्यावारी नेण्यासारखा होता.

आमच्या खात्यातल्या बायकांची नाट्यस्पर्धा त्या वर्षी सांगलीत होती. आमच्याच हेडक्लार्क बाईंनी किल्ला लढवणाऱ्या एका राणीवर नाटक लिहिलं होतं. राणी होणार होती कमल, ऑफिसात नव्यानं लागलेली, पंचवीस वर्षांची, उंब्रजहून रोज एसटीनं येणारी. आवाज असा की माईकची गरज नाही. एसटीत ती संवाद पाठ करायची आणि कंडक्टर तिच्या मागं "किल्ला देणार नाही!" म्हणायचा. पण तिचं हे पहिलंच नाटक होतं आणि घरून परवानगी मिळायला दोन महिने लागले होते. सासू म्हणाली होती, "यंदा बघायला येते. काय असतंय ते बघीन आन् मग फुडचं ठरवीन." नवरा फौजेतून रजेवर येणार होता, तोही बघायला बसणार. म्हणजे कमलच्या नाटकात पुढं दुसरं नाटक असणार की हेच शेवटचं, ते त्या एका दिवसावर ठरणार होतं.

वेषभूषा माझ्याकडं. मला चित्र काढता येतं, असा ऑफिसात समज होता. आणि मी काय केलं असेल? एव्हाना मी महिनाभर रोज रणरागिणीला बघत होते. डोळ्याला कशाचीही सवय होते. पहिल्या दिवशी पदर टाकायला लावणाऱ्या त्या वाट्या मला आता दिसतही नव्हत्या. दिसायचा तो फक्त झगमगाट. मी घरी बसून पुठ्ठा कापला, वाफेवर वाकवला, चांदीचा कागद चिकटवला. वाट्या, झालर, उघडे खांदे, सगळं तस्संच. अंगभर घालायला आतून कातडीच्या रंगाची घट्ट जर्सी होती, त्यामुळं माझ्या मते शालीनतेचा प्रश्न मिटला होता. जनाक्काला मी मुद्दाम विचारलं नाही. कलेतलं तिला काय कळतंय, असं मी तेव्हा कॅफेवाल्याला खरंच म्हटलं होतं.

कमलनं ते हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे मॅडम." दुसऱ्या दिवशी तिचा घसा बसला. तिसऱ्या दिवशी तिनं कुणाचीतरी ड्युटी मागून घेतली. चौथ्या दिवशी तालमीत राणीचा आवाज इतका बारीक निघाला की शत्रू म्हणाला, "काय?" मी तिला कोपऱ्यात घेऊन रंगभूमी, धैर्य आणि आधुनिक स्त्री यावर अर्धा तास भाषण झोडलं. ती मान खाली घालून म्हणाली, "मग दुसऱ्या कुणाला घ्या मॅडम." आणि तिचे डोळे भरले. मी ते स्टेजची भीती म्हणून सोडून दिलं. खरं सांगू? मनातून मला गुदगुल्याच झाल्या. संवाद मला पाठ होते. राणी व्हायला मी पंचवीस वर्षं तयार होते.

तर ते पुठ्ठ्याचं चिलखत घेऊन मी जनाक्काकडं गेले. प्रश्न सोपा होता. कमल नाही म्हणते, तेव्हा हे माझ्या घेराला बसवायचं, एवढं मी तिला सांगितलं.

तिनं ते उजेडात धरलं. कॅफेच्या भिंतीकडं एकदा पाहिलं. फक्त म्हणाली, "काम काय?"

"लढाई," मी म्हटलं.

"करून दाखवा."

मी पडद्यामागं जाऊन जर्सी चढवली, वर चिलखत बांधलं आणि बाहेर आले. तिनं माझ्या हातात मोजपट्टी दिली. मी "किल्ला देणार नाही!" म्हणून हात उगारला, तशी पुठ्ठ्याची वरची कड हनुवटीला लागली. वाकले, तर खालची कड पोटात घुसली. "वार चुकवा," ती म्हणाली. मी वळले आणि कमरेची झालर मशीनच्या चाकात अडकली. त्याच वेळी दाराची घंटी वाजली आणि भाजीवाली आत आली. मी काय केलं? टेबलावरचं कोणाचं तरी लुगडं ओढलं आणि गळ्यापर्यंत गुंडाळलं.

जनाक्का शांतपणे माझ्याकडं बघत होती. "आत जर्सी हाय की."

मी लुगडं आणखी घट्ट धरलं.

"त्या कॉम्प्युटरातल्या बाईवर तुमी पदर टाकलासा," ती म्हणाली. "आज सोतावर लुगडं वढलंसा. मधी ती कमल तेवढी उघडी ऱ्हायली का वं, ताई?"

भाजीवालीला काही कळलं नाही, पण तीही गंभीर झाली. मी लुगड्यातच स्टुलावर बसले. बसले तशी झालर फाटली.

संध्याकाळी मी कमलला घेऊन दुकानात आले. जनाक्कानं तिला चहा दिला आणि विचारलं, "घशाला काय झालंय?" कमल आधी माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "सासूबाई पहिल्या रांगेत बसणार, मॅडम. तुम्ही रात्रंदिवस खपून ते केलेलं. तुम्हाला कसं सांगायचं?" मी तिची माफी मागितली. वयानं लहान असलेल्या माणसाची माफी मागायला मला तोवर कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळं ती जरा आडवीतिडवीच झाली.

आठवडा उरला होता. जनाक्कानं नवऱ्याच्या ट्रंकेतून फौजेचं जुनं तपकिरी कांबळं काढलं. त्यावर एकदाच हात फिरवला आणि कात्री चालवली. दोन थर, मध्ये कापूस, वाकळेसारखे दाट टाके. मला हुकूम झाला थंड पेयांच्या बाटल्यांची बुचं गोळा करायचा. मी पोवई नाक्यापर्यंतच्या सगळ्या टपऱ्या पालथ्या घातल्या. मग ती बुचं वरवंट्यानं ठोकून सपाट करायची, भोकं पाडायची. दोन वेळा अंगठा ठेचला. तिसऱ्या वेळी ओरडले, तर ती म्हणाली, "ठोका, ठोका. कलेतलं तुमाला कळतंय."

म्हणजे मी बोललेलं तिच्यापर्यंत पोचलं होतं. कॅफे आणि दुकानामधली प्लायवूडची भिंत ती.

अशी शेकडो बुचं तिनं खवल्यांसारखी ओळीनं टाचली आणि कमलला उभं केलं. "हात वर. वाक. वळ. आता पड." कमल पडली. "आता ऊठ." कमल पटकन उठली. "झालं! पडल्यावर उठू देत न्हाई ते चिलखत न्हवं, खोडा हाय."

सांगलीला नाटकाच्या दिवशी कमल विंगेतून बाहेर आली तीच छुमछुम वाजत. पहिल्या वाक्याला तिचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. आमच्या अकाउंट्समधल्या बाई शत्रू झाल्या होत्या; त्यांना भान राहिलं नाही आणि त्यांनी लाकडी तलवार खरोखरच तिच्या पोटात हाणली. खण्णकन आवाज झाला. कमल जागची हलली नाही. आणि पहिल्या रांगेतून एक नऊवारी उठून उभी राहिली, "अगं बघतीस काय कमळे, हाण की तिला!"

नाटकाला बक्षीस मिळालं नाही. शत्रूनं संहितेच्या बाहेर मार खाल्ला, असं परीक्षकांचं मत पडलं. पण सासूबाई आत आल्या, बोटांनी ते टाके चाचपले, म्हणाल्या, "झ्याक शिवलंय. फुडच्या वर्षी हिला मोठं काम द्या." राणीपेक्षा मोठं काम कुठलं, ते विचारायची आमची छाती झाली नाही. कमल पुढं दरवर्षी उभी राहिली.

साताऱ्याला परतल्यावर मी रणरागिणीचं झगमगतं चिलखत मोडलं आणि तिला तिथला एक साधा, जाड, पोट झाकणारा कोट घेतला. जनाक्काला मुद्दाम बोलावून दाखवला. दोन मिनिटांत लांडग्यानं तिला मारलं.

"कापडाचा दोष न्हाई," जनाक्का म्हणाली. "तुमास्नी लढता येत न्हाई."

जनाक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिनं शिवलेला शेवटचा ब्लाऊज अजून माझ्याकडं आहे. त्या वेळी तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, तो मी ओवून द्यायचे. मी नुकती रिटायर झाले होते. तिनं टेप गळ्यातून काढली आणि विचारलं, "आता काम काय करणार?"

"काही नाही. आराम."

"आराम करून दाखवा."

मी खुर्चीत मागं टेकून बसले. डोळे मिटले. थोडा वेळ बरं चाललं. मग माझा उजवा हात आपोआप, माऊस धरल्यासारखा, खुर्चीच्या हातावर सरकायला लागला, बोट टकटक करायला लागलं. समोर लांडगा होता बहुतेक. जनाक्का खाली वाकली, माझ्या काखेला टेप लावली आणि म्हणाली, "हितं दोन बोटं ढिल जास्त ठेवते ताई. तुमाला अजून लय जणांस्नी मारायचं हाय."