ताण आणि तान

माझे वडील रुग्णालयात पाणी मागत होते आणि मी त्यांना दिलं नाही. डॉक्टरांची मनाई नव्हती. पाणी उशाशीच होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण बागेबद्दल लिहायला लागलो की ते मागे ढकलत राहण्याचा मोह मला होईल.

मुंबईत चारकोपला आम्ही राहायला आलो तेव्हा सेक्टरना नुसते नंबर होते, रस्ते व्हायचे होते. घर बैठं, मागे दहा बाय आठचा मोकळा तुकडा. खाडीची जमीन आणि वर मुरुमाचा भराव. उन्हाळ्यात मातीवर पांढरा खार फुटायचा. वडिलांची गिरणी बंद पडलेली. कापसाच्या धुळीने छाती गेलेली. पहिल्या पावसाळ्यात त्यांनी काहीच लावलं नाही. चहूबाजूंनी वीतभर बांध घातला, पाणी साचू दिलं, मग एका कोपऱ्यातून सोडून दिलं, पुन्हा साचू दिलं. गावी खाडीकाठची शेतं अशीच धुतात. "आदी मातयेक न्हावक व्हया," ते म्हणायचे. हिवाळ्यात त्या मातीत लाल माठ आला, मुळा आला. मग त्यांनी लिंबाचं रोप लावलं.

नळ सकाळी तासभर. ते बादल्या भरून मागे नेत. दोन बादल्यांच्या मध्ये पायरीवर बसून दम खात. मी दाढी करता करता ते बघायचो आणि ऑफिसला निघून जायचो.

तीन वर्षं लिंबाला नुसता पाला. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारी जालन्याकडचे. तरुणपणी मोसंबीच्या बागांत मजुरी केलेली, आता एका कारखान्याच्या गेटवर पहारा करत. एका मार्चमध्ये ते भिंतीवरून डोकावून म्हणाले, "मामा, लई लाड करता झाडाचे. ताण द्या त्याला."

वडील उठून उभेच राहिले. आमच्या मालवणीत तहानेला तान म्हणतात.

"तान? झाडाक तानलेला ठेवतास तुमी?"

"तहान नव्हं ओ. ताण. पाणी तोडायचं. झाडाला वाटतं, आता आपण मरतो. मग ते फुलतं."

"म्हंजे तानच ती. आणि मरूक टेकल्यार फुलता? मीय टेकलय, माका खय फुला इली?"

दोघे हसले. वडिलांना हसता हसता खोकला लागला आणि शेजारी तो थांबेपर्यंत भिंतीला धरून उभे राहिले. मग त्यांनी पद्धत नीट सांगितली. दुपारी पानं वळली तर वळू द्यायची. सकाळी ती उलगडलेली दिसली पाहिजेत. सकाळीही वळलेली असली तर ताण लगेच तोडायचा, भरपूर पाणी घालायचं.

वडिलांना हे पटायला महिना गेला. एप्रिलच्या मध्यावर त्यांनी लिंबाचं पाणी बंद केलं आणि मे महिन्यात त्यांचाच श्वास लागला. पालिकेच्या रुग्णालयात ठेवावं लागलं. झाडाकडे बघायचं काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं. रोज भेटायला गेलो की ते विचारत, "पाना कशी आसत?" मी सांगायचो, दुपारी वळतात, सकाळी उलगडतात. मला बरं वाटायचं. इतक्या वर्षांत त्यांना माझ्याकडून काहीतरी हवं होतं आणि ते मी देत होतो.

त्या शनिवारी दुपारी आई जेवायला घरी गेली होती. मी पेपर वाचत होतो. ते म्हणाले, "तान."

मी पेपरातून मान न काढता म्हणालो, "दिलाय, बाबा. तीन आठवडे थेंब घातला नाही."

थोड्या वेळाने पुन्हा, "तान रे."

"अजून आठवडाभर. पानं ठीक आहेत." आवाजात मला लपवता न आलेला वैताग होता. मरायला टेकलेला माणूस मुलाशी बोलतो ते लिंबाबद्दल, असं माझ्या मनात आलं. ते पुढे बोलले नाहीत.

पाच वाजता आई आली. तिला बघून त्यांचे ओठ हलले. तिने डबा खाली ठेवायच्या आधी पेला तोंडाला लावला. ते पाणी प्यायले. मी बघत होतो. तो शब्द मी जन्मल्यापासून घरात ऐकलेला होता.

"दुपारी पाणी दिलंस मा तेंका?" आईने विचारलं.

"दिलं," मी म्हणालो.

सोमवारी ते गेले. बारावं झाल्यावर मी लिंबाच्या आळ्यात बादलीवर बादली ओतली, आळं वाहून जाईपर्यंत. जूनच्या अखेरीला झाड फुललं. शेजारी भिंतीपाशी आले, फुलं बघितली आणि परत गेले. मला ती फुलं बघवत नव्हती. जे झाडाने मागितलं नव्हतं त्याची चौकशी मी रोज सकाळी वाकून, पान हातात घेऊन केली होती. माणसाच्या तोंडाकडे एकदा मान वर करून बघितलं नाही. बागेने मला शिकवलं असेल तर एवढंच, आणि तेही उशिरा.

पुढल्या पावसाळ्यात बांध घालायला मी खाली बसलो होतो. आई दारात तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्या दिवशी तू तेंका पाणी दिलंस नाय."

मी फावडं खाली ठेवलं.

"ते कशे पियाले ता बगलय मी."

"मग तेव्हा मला विचारलंस कशाला?"

"तू काय सांगतस ता बगूक."

तिने सूप उचललं आणि आत गेली. माझ्याशी ती नंतरही बोलायची, जेवायला वाढायची, आजारी पडलो तर कपाळावर हात ठेवायची. पण मी घरात असलो तरी पाणी मात्र तिने माझ्याकडे कधी मागितलं नाही. गुडघे धरून उठायची आणि स्वतः घ्यायची.