जावेनं ओळखलेला आजार

नव्या रबराचा वास आला की मला अकोल्यातली ती दुपार आठवते. थोरल्या जावेकडे जेवून ह्यांनी कूलरसमोर अंग टाकलं आणि लगेच घोरायला लागले. मध्येच घोरणं थांबलं. अकरा वर्षं करत आले तसं मी त्यांना कुशीवर वळवलं. जाऊ दारातूनच ओरडली, "हे घोरनं नोय बाई, भाऊजीचा सास अडकून राहिला! माह्या बाबाले असंच व्हायचं. तुले काहून समजलं नाही?" दुसऱ्याच दिवशी तिनं त्यांना डॉक्टरकडे नेलं. झोपेची तपासणी झाली, नाकावर नव्या रबराचा मास्क लावायचं मशीन आलं, आणि अमरावतीला परतल्यावर ह्यांचं दिवसा पेंगणं थांबलं. येईल त्याला हे सांगायचे, "वहिनीनं जीव वाचवला माहा." चहा गाळताना मी आतल्या आत जळायची. एकदा राहवलं नाही. म्हटलं, "अन् अकरा वर्षं कोन जागलं?" हे म्हणाले, "म्हनून तर वहिनीच्या घरापर्यंत जिता पोचलो." जावेचा हेवा अजून पुरता गेलेला नाही, पण आता मी सकाळपर्यंत झोपते.