उन्हात ठेवलेला डबा

"डबा तिथंच ठिवा, दगडावर. अन् चार पावलं मागं सरा."

सरपंचाचा धाकटा भाऊ मला सांगत होता. मी त्या गावाची नर्स. सरकारनं नेमलेली, पांढऱ्या साडीतली. डब्यात विहिरीत टाकायची जंतुनाशक पावडर होती. मी डबा दगडावर ठेवला आणि चार पावलं मागं सरले. त्यानं तांब्यातलं पाणी डब्यावर शिंपडलं. मग झाकण काढलं आणि पावडरवरही शिंपडलं. त्या साली दुष्काळानं बाया घागरभर पाण्यासाठी दीड दीड कोस हिंडत होत्या. माझा विटाळ धुवायला मात्र गावात पाणी होतं.

तेवढ्यावर भागलं नाही. उन्हानं विटाळ जातो म्हणे. डबा दिवसभर उघडा उन्हात ठेवला. संध्याकाळी त्यातली पावडर विहिरीत गेली. दर आठवड्याला हेच. मी आणायची, ठेवायची, मागं सरायची.

आता ही पावडर कशी असते ते सांगते. ओल लागली, ऊन लागलं की ती मरते. वास जातो, जोर जातो, उरतो तो नुसता चुना. नांदेडला ट्रेनिंगमध्ये हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी त्याला सांगितलंही. एकदाच. तो हसला आणि म्हणाला, "आता तुमी आमाला शिकवनार का?"

पुढच्या आठवड्यात मी डबा पुन्हा दगडावर ठेवला. देगलूरकडच्या आमच्या बौद्धवाड्यात सरकारी नोकरी लागलेली मी पहिली मुलगी. ऑर्डर आली तेव्हा बापानं घरोघर साखर वाटली होती. ती साखर तोंडातून काढून घ्यायची हिंमत माझ्यात नव्हती. हे मी आज सांगते, पण सांगताना मान वर करून सांगता येत नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवाच झाला होता. रजिस्टरं मात्र जुन्या जिल्ह्याच्या नावाची छापलेली. वरून हुकूम आला, जुनं नाव खोडा, नवं लिहा, बाजूला सही करा. मी पानन्‌पान खोडत बसले. त्याच रजिस्टरात दर आठवड्याला लिहायची, "विहिरीत पावडर टाकली." खाली सही. अक्षर माझं फार सुरेख.

मला पाणी आणून द्यायची गयाबाई. गावच्या बौद्धवाड्यातली, माझ्या आईच्या वयाची. विहिरीला तिलाही हात लावायची सोय नव्हती. कुणी वरून ओतलं तर तिची घागर भरायची. त्यातलं अर्धं ती माझ्या खोलीवर आणून द्यायची. मी नको म्हटलं की म्हणायची, "लेक सरकारात हाय आमची. तिला पानी नको का?"

पाणी तपासायचं औषध माझ्याजवळ होतं. चांगली पावडर पडलेली असली की त्याच्या थेंबांनी पाणी पिवळं होतं. एकदा मी गयाबाईच्या घागरीतलं पाणी तपासलं. होतं तसंच राहिलं. मी नळी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. आणि रजिस्टरात लिहिलं, टाकली.

चैत्रात हगवण-उलट्या सुरू झाल्या. सुरुवात वरच्या आळीतून झाली. त्यांची माणसं जीपनं तालुक्याला गेली आणि बरी होऊन आली. बौद्धवाड्याला जीप नव्हती, मी होते. तिसऱ्या दिवशी गयाबाईला लागली. मी मीठ-साखरेचं पाणी करून पाजलं. वाटी रिकामी झाल्यावर ध्यानात आलं, पाणी त्याच घागरीतलं होतं. चूल पेटवून दुसरं पाणी उकळायला ठेवलं.

गयाबाईचे डोळे आत गेले होते. तरी ती माझ्याकडं बघून म्हणाली, "माय, तू पावडर टाकायलीस, म्हनून मी पानी उकळलंबी न्हाई."

बैलगाडी जुंपेपर्यंत ती गेली.

आठ दिवसांनी चौकशी आली. नव्या जिल्ह्याचे साहेब, सोबत आमच्या आरोग्य केंद्राचे डॉक्टर. ग्रामपंचायतीत खुर्च्या मांडल्या, चहा आला. मी दाराशी उभी. मला कप आला नाही आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. कागद तयारच होता. बौद्धवाड्यातल्या लोकांनी शिळं अन्न खाल्लं, म्हणून हगवण लागली. विहिरीत पावडर वेळेवर टाकलेली होती. वरच्या आळीतल्या आजाऱ्यांचं कागदावर नावही नव्हतं. मी फक्त सही करायची होती.

सरपंच गोडीनं म्हणाला, "तुमचीबी नोकरी राहील, गावाचंबी नाव राहील."

शिळं अन्न. गयाबाईच्या घरात शिळं उरण्याइतकं ताजं कधी शिजत होतं? माझ्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. मी टेबलावरचं रजिस्टर ओढलं. पहिलं पान काढलं. "टाकली" वर रेघ मारली आणि लिहिलं, "मला टाकू दिली नाही. डबा उन्हात ठेवला." बाजूला सही. मग दुसरं पान. मग तिसरं. खोडायला मला सरकारनंच शिकवलं होतं.

डॉक्टर हळूच म्हणाले, "सिस्टर, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय."

मी म्हटलं, "साहेब, धोंडा गयाबाईवर पडला. पाडणाऱ्यांत मीबी हाय."

निलंबन झालं. कारण, खोटी नोंद. ते खरंच होतं. डबा उन्हात ठेवणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही. माझ्या जागी आलेल्या बाईनं दगडावर डबा ठेवला आणि चार पावलं मागं सरली. तिनं मला स्वतः सांगितलं. मी तिला कोणत्या तोंडानं बोलणार होते?

वर्षानं मला परत घेतलं, दुसऱ्या गावात. तिथंही विहीर होती, तिथंही दगड होता. मी डबा खाली ठेवला नाही. काखेत धरून उभी राहिले. ते हटले नाहीत, मीही नाही. त्या दिवशी विहिरीत पावडर पडली नाही. रजिस्टरात अडवणाऱ्याचं नाव लिहिलं आणि बौद्धवाड्यात गेले. पावडर कालवून प्रत्येक घागरीत माझ्या हातानं थेंब टाकले. दर दिवशी. अर्धा तास लागायचा.

अर्धा तास. गयाबाईच्या घागरीतही हे थेंब टाकता आले असते. डबा माझ्या हातात असायचा, थोडी पावडर काढून ठेवायला कुणी अडवलं नव्हतं. पण मग विहिरीत मेलेली पावडर पडते हे मला माहीत आहे, असं कबूल करावं लागलं असतं. म्हणून टाकले नाहीत.

याची माफी मी कुणाला मागत नाही. देणारी गेली. एवढंच ठरवलं आहे, माझ्या हातानं पडलं तेवढंच लिहीन. आणि जो मागं सर म्हणेल, त्याचं नाव लिहीन.