एकशेचाळीस नंबरचं ऑइल

तेलातलं मला कळतं, असा माझा ठाम समज होता. पेणला आमची पोह्यांची भट्टी आणि जोडीला पापडाचा धंदा. पिठाला तेलाचा हात लावून लावून माझे तळवे मऊ झाले होते, डोकं मात्र होतं तसंच राहिलं होतं.

नवरा गेल्यावर धंदा मी सांभाळला. ब्याण्णव-त्र्याण्णव साली एक वापरलेला टेंपो घेतला, कारण रोह्याच्या दुकानदारांना माल दारात हवा असायचा. चालवायला खांब गावचा एक माणूस ठेवला. चाळिशीचा, कमी बोलणारा. घरी शेताचा एक तुकडा आणि खाणारी पाच तोंडं. मला काकी म्हणायचा. रोज सकाळी टेंपोच्या पाया पडायचा, ते मला आवडायचं. माझ्या पडत नसे, ते आवडायचं नाही.

दिवाळी झाल्यावर तो म्हणाला, "काकी, गिअरबॉक्सचं ऑइल बदलायला झालंय. नव्वद नंबरचं लागंल. मी आणतो."

"तू नको. मी आणते."

मीठ असो नाहीतर ऑइल, खरेदी मी दुसऱ्याच्या हाती देत नसे. गाडीच्या तेलाचं दुकान नवऱ्याच्या जुन्या दोस्ताचं होतं. ते यहुदी. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा, आणि शनिवारी तो बंद, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. घाणा जाऊन ऑइलचे डबे आले, तरी शनिवारचं कुलूप कायम होतं. हे मला लग्न होऊन आले तेव्हापासून माहीत. तरी मी गेले ती शनिवारीच, आणि कुलूप बघून त्यांच्यावरच चिडले. दुसऱ्या दिवशी परत यायचं, एवढं साधं काम. पण रिकामा डबा घेऊन निघाले होते आणि रिकामा डबा घेऊन घरी जायची लाज वाटली. मी हायवेवरच्या दुसऱ्या दुकानात गेले.

तिथे दोन पिंपं होती. एक नव्वद, एक एकशेचाळीस. मी दोन्हीतला थेंब थेंब बोटावर मागून घेतला आणि पाकाची तार बघतात तसं अंगठा आणि बोट उघडून बघितलं. नव्वदची तार लगेच तुटली. एकशेचाळीसची लांबलचक आली, लाडू वळावेत अशी. शिवाय आकडाही मोठा. ज्याला मार्क जास्त तो हुशार, हे मला चौथीपर्यंत पक्कं शिकवलेलं होतं.

"बाई, हे जड गाड्यांच्या मागच्या चाकांच्या आसात घालतात," दुकानदार म्हणाला.

"आमची काय हलकी आहे?"

घरी ड्रायव्हरने डब्यात बोट बुडवलं. "काकी, हे जाड हाय."

"जाड हाय म्हणूनच चांगलं हाय. तुला आमटी पातळ आवडते काय?"

"टेंपो आमटी खात नाय, काकी."

"टेंपो कोणाचा?"

पगार तो माझ्याकडून घेत होता. तो गाडीखाली झोपला, जुनं ऑइल काढलं आणि माझं भरलं.

पौषात थंडी पडली आणि सकाळी गिअर बसेना. दांडा ढकलला की खालून कडकड आवाज. तो दोनदा म्हणाला, "काकी, ऑइल काढून बघू या." मी दोनदा म्हणाले, "ऑइल नवं आहे, तुझा पाय आळशी झालाय." नंतर मी त्याच्या शेजारी बसून त्याच्या पायाकडे बघायला लागले. मला सायकलसुद्धा येत नाही. पण क्लच हा शब्द शिकले होते, आणि तो मी पेणपासून नागोठण्यापर्यंत वापरायची. "क्लच दाब. पुरता दाब. दाबलास काय?"

"दाबला, काकी. आता तळाला भोक पडंल."

एके दिवशी रोह्याला जाताना खिंडीच्या चढावर त्याने दुसरा गिअर घालायला बघितलं, तो बसला नाही आणि टेंपो मागे सरकला. त्याने ब्रेक मारून गाडी धरली. मागे पोह्यांच्या गोण्या घसरल्या त्या पापडांच्या डब्यांवर. रोह्याजवळ वरसे गावच्या दुकानात डबे उघडले तर आत सगळा चुरा. चार बायका सामान घ्यायला उभ्या होत्या. दुकानदार म्हणाला, "काकी, हे पापड चमच्याने खायचे काय?" बायका हसल्या.

ती लाज मला कोणाच्या तरी गळ्यात घालायची होती, आणि जवळ तोच उभा होता.

"उद्यापासून येऊ नकोस. माझी गाडी मोडलीस तू."

"पाय नाय काकी, ऑइल हाय."

"कारणं सांगू नकोस."

"तुकड्यावर घर चालत नाय. घरी काय सांगू?"

"सांग, पाय आळशी झाला."

त्याने किल्ली गल्ल्यावर ठेवली आणि एसटी स्टँडकडे चालत गेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की टेंपो वरशाला, मी वरशाला आणि घर पेणला. दुकानदाराने कंपनीच्या शिफ्टमधून सुटलेला एक ड्रायव्हर गाठून दिला. त्याने कडकड करत मला घरी पोचवलं आणि उतरताना म्हणाला, "मावशी, ह्याला ड्रायव्हर नको, पैलवान ठेवा."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या त्या तेलवाल्या दोस्ताला बोलावून आणलं; मी त्यांना भावजी म्हणते. त्यांनी गिअरबॉक्सचा बोल्ट सैल करून बोटावर तेल घेतलं.

"वयनी, हे कोणी घातलं?"

"ड्रायव्हरने."

"घातलं त्याने. आणलं कोणी?"

मी पदराने हात पुसत राहिले. हाताला काही लागलं नव्हतं.

"गाडीचं पुस्तक कुठाय?"

पुस्तक देव्हाऱ्यात होतं. दर दसऱ्याला मी त्याला हळदकुंकू वाहत होते. उघडलं कधीच नव्हतं. इंग्रजी पुस्तक, त्यातून मला काय कळणार? पण भावजींना कळलं. पान उघडून त्यांनी बोट ठेवलं. नव्वद.

मग म्हणाले, "आत पितळेच्या रिंगा असतात. गिअर बदलताना ती रिंग फिरणाऱ्या गिअरला धरते, वेग सारखा करते, मग तो आत बसतो. धरायला तेलाचा थर पातळ हवा. तुम्ही पितळेचा तांब्या तूप लावून घासता काय?"

"नाही."

"मग रिंग कशी धरंल? थंडीत तर हे आणखी घट्ट."

त्यांनी ते काढून नव्वद भरलं. रिंगा थोड्या झिजल्या असतील, पण चालतील म्हणाले. गिअर आत गेला, आवाज न करता. मला बरं वाटायला हवं होतं. मला ड्रायव्हरचा पाय आठवला.

खांबला एसटीने गेले. तो वालाच्या शेतात होता. बांधावरून मी म्हणाले, "ऑइल बदललं."

"बरं झालं."

"गिअर बसतो आता."

"बसंल."

मी उभी. तो वाल खुडत राहिला. शेवटी म्हणाले, "ऑइल माझंच चुकलं होतं. तुझा पाय बरा आहे."

"हे इथं सांगून काय उपयोग, काकी? इथं वालाला ठाव नव्हतं मला काढलंय ते. वरशाला चार बायकांपुढं काढलात. तिथं सांगा, मग येतो."

मी तशीच परत फिरले. रस्त्यापर्यंत त्याला मनात खूप शिव्या दिल्या. तिथे पोचेपर्यंत सगळ्या संपल्या आणि तो म्हणत होता तेच उरलं.

'सोमवारी वरशाला सांगते, तूही चल' असा निरोप धाडला, आणि सोमवारी तो आला. टेंपो भरला, खिंड चढली. वरशाला मी गल्ल्यापुढे उभी राहिले. त्या दिवशीच्या चारपैकी तीन बायका होत्या. "त्या दिवशी पापड मोडले ते माझ्यामुळे," मी म्हणाले. "ऑइल मी चुकीचं आणलं होतं. ह्याचा काही दोष नव्हता."

दुकानदार तोंड वासून बघत होता. तेवढ्यात त्या दिवशीच्यातली चौथी बाई पिशवी घेऊन आत आली.

ड्रायव्हर गोणी खांद्यावर घेऊन दारातच थांबला. "काकी," तो म्हणाला, "ह्यांनी ऐकलं नाय."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.