तीन घोड्यांचा गट

आमच्या तबेल्यात शिरलं की घोड्यांच्या आधी फिती दिसतात. निळ्या, लाल, पिवळ्या. खोगिरांच्या खोलीची एक अख्खी भिंत त्यांनी भरली आहे आणि आता दुसरीवर अतिक्रमण चालू आहे. कुणी नवे आईबाप पोराला घोडा शिकवायला घेऊन आले, की आमचे हे त्यांना त्या भिंतीपुढे नेऊन उभे करतात आणि स्वतः बाजूला सरून उगाच एखादा लगाम पुसत बसतात. तोंडाने काही बोलत नाहीत. आईबाप माना डोलावतात आणि पोराचं नाव घालून जातात. या फिती कुठल्या गटातल्या, समोर घोडे किती होते, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पण बायकोला कोण विचारतो!

आमच्या भागात मोसम सुरू झाला की घोड्यांच्या लहानलहान स्पर्धा होतात. एका दिवसात बरेच गट असतात. अगदी नवख्यांसाठी चालीचा गट. त्यात घोडा नुसता चालवायचा आणि दुडक्या चालीने फिरवून दाखवायचा. मग बुटक्या उड्यांचा, मग मधल्या उड्यांचा, आणि दुपारी गर्दी जमली की खुला गट. खुल्या गटात ज्यांवरून उडी मारायची ते दांडे माझ्या छातीला लागतात. कोणी कुठल्या गटात उतरायचं हे ज्या त्या तबेल्याचा मास्तर ठरवतो. बाकीचे मास्तर घोड्याची तयारी बघून घरूनच ठरवून येतात. आमचे हे सगळ्यांच्या आधी मैदानावर पोचतात. नावनोंदणीच्या टेबलामागे एक फळा असतो, त्याच्यासमोर चहाचा कप घेऊन ठाण मांडतात आणि कुठल्या गटात नावं कमी पडताहेत ते बघत राहतात. कप रिकामा झाला तरी तो तोंडाला लावायचं सोडत नाहीत.

"फिती सहा जणांना देतात," हे यांनी मला लग्नानंतर पहिल्याच मोसमात समजावून सांगितलं होतं. "गटात घोडे तीनच असले, तर आपण फक्त पडायचं नाही. बास."

वासरांत लंगडी गाय शहाणी, त्यातला प्रकार. बाकीचे मास्तर यांना पाठीमागे 'वासरांचे मास्तर' म्हणतात. पाठीमागे म्हणजे चांगलं ऐकू येईल इतक्या अंतरावरून. हे मनावर घेत नाहीत. "हसू देत," म्हणतात, "झाकली मूठ सव्वा लाखाची." आणि खरं सांगायचं तर त्या झाकल्या मुठीवरच आमची चूल पेटत आली. मी ते नाकारत नाही.

तरुणपणी हे दुसऱ्याच्या घोड्यावरून एकदा खुल्या गटात उतरले होते. दुसऱ्याच दांड्यावर घोडा थबकला आणि हे त्याच्या डोक्यावरून चिखलात गेले. लोक हसले. घोड्याच्या मालकाने सगळ्यांदेखत यांच्या हातातून लगाम काढून घेतला. ही गोष्ट मला सासूबाईंनी सांगितली, यांनी कधीच नाही. मला यांची कीव येते, नाही असं नाही. पण कीव आली की मागोमाग रागही येतो. अहो, पडलात ते तुम्ही. त्याची शिक्षा जन्मभर दुसऱ्यांनी का भोगायची?

हे दुसरे म्हणजे कोण, तर आमची लेक. एकुलती एक, यांच्यासारखीच हडकुळी, माझ्यासारखी तोंडाळ. आणि तिची मिरी. मिरी करड्या रंगाची, अंगभर काळे ठिपके असलेली घोडी. तबेल्यातले बाकीचे घोडे म्हणजे गरीब गाई. कुणीही बसावं, कितीही वेळ फिरवावं. उडणारी ही एकटीच. लेकीच्या आणि तिच्या अंगात जणू एकच रक्त वाहत होतं. हे सकाळी चारा आणायला गेले, की आम्ही मायलेकी मागच्या मैदानात दांडे लावायचो. मी स्वतः ते माझ्या छातीपर्यंत चढवले आहेत आणि मिरीला त्यांच्यावरून जाताना पाहिलं आहे. खुराचा स्पर्श नाही. लेक उतरून घोडीच्या मानेत तोंड खुपसायची आणि म्हणायची, "आई, एकदा. फक्त एकदा लोकांसमोर."

आणि यांनी तिला वर्षानुवर्षं कुठे घातलं? चालीच्या गटात. फार तर बुटक्या उड्यांत.

त्या मोसमाच्या आरंभी जनावरांच्या डॉक्टरांनी मिरीचा पुढचा पाय वाकवून पाहिला आणि म्हणाले, "उडवायची असेल तर याच वर्षी उडवा. पुढच्या वर्षी हा सांधा ऐकणार नाही." लेक त्या रात्री जेवली नाही. सकाळी बापासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, या वर्षी खुला गट."

हे खरारा करत होते. हात थांबला नाही. "शेवटच्या स्पर्धेत," हे म्हणाले. "शब्द देतो. तोवर मी सांगेन त्या गटात उतरायचं, कुरकुर करायची नाही."

पोरगी हरखली. मीसुद्धा हरखले, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं संसार करूनही मी वेडीच.

सबंध मोसम तिने शब्द पाळला. प्रत्येक स्पर्धेला हे फळ्यासमोर उभे राहायचे आणि परत येऊन तिला कुठला तरी रिकामा गट सांगायचे. एकदा मी म्हटलं, "अहो, निदान मधल्या गटात तरी उतरवा. सवय होईल." तर म्हणाले, "आज जमीन ओली आहे." पुढच्या खेपेला मधल्या गटात गर्दी होती. त्याच्या पुढच्या खेपेला वर्षाच्या करंडकाला एक फीत कमी पडत होती. लेक दोन वेण्या घातलेल्या चिमुरड्या पोरींच्या रांगेत मिरीला चालवून दाखवायची, निळी फीत घ्यायची आणि मुकाट्याने यांच्या हातात द्यायची. लोक कुजबुजायचे, एवढी घोडी आणि या गटात! तिचे कान लाल व्हायचे. पण शेवटची स्पर्धा येणार होती ना.

ती आली. लेकीने मिरीची आयाळ विंचरून विंचरून रेशमासारखी केली होती. आम्ही तिघं टेबलापाशी गेलो. नावनोंदणीला बसणाऱ्या बाई चांगल्या ओळखीच्या, मोसमच्या मोसम तिथेच बसणाऱ्या. हे म्हणाले, "मिरी. खुला गट." आवाज अगदी साधा.

बाईंनी वर पाहिलं. "मास्तर, थट्टा करताय की काय? हिने या मोसमात मधला गट एकदाही केलेला नाही. मधला पार केल्याशिवाय खुला मिळत नाही."

"अरेच्चा!" हे म्हणाले. कपाळावर हातही मारून घेतला. "हे तर डोक्यातून साफच गेलं."

लेकीचा चेहरा पांढरा पडला होता. तिने विचारलं, "काकू, असा नियम आहे?"

बाई भाबड्या. त्यांना वाटलं, पोर बापावर शंका घेते आहे, तर बापाची बाजू सावरावी. "अगं, तुझ्या बाबांनीच तर तो कमिटीत भांडून करून घेतला. कुणी भलत्या उडीला जाऊन पडू नये म्हणून. फार वर्षं झाली. त्यांना तोंडपाठ आहेत सगळे नियम, विसरले असतील आज घाईत."

कुंपणच शेत खातं म्हणतात, ते मी त्या दिवशी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. लेकीने बापाकडे पाहिलं. यांनी फळ्याकडे पाहिलं.

"चालीच्या गटात तीनच घोडे आहेत," हे म्हणाले.

मला वाटलं, आता ही लगाम फेकून निघून जाईल. जायला हवं होतं. मी तिच्याबरोबर गेले असते. पण ती म्हणाली, "घाला," आणि मिरीवर चढली. वेण्यावाल्या दोन पोरींच्या मागोमाग तिने घोडी चालवली, दुडकवली, थांबवली. मिरीचे कान सारखे पलीकडच्या मैदानाकडे वळत होते, तिथे खुल्या गटाचे दांडे रचायचं काम चाललं होतं. पहिला नंबर. लेकीने फीत यांच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "घ्या बाबा. तुमची." एवढंच. माझी तोंडाळ पोर, एवढंच बोलली.

घरी आल्यावर मी यांना सोडलं नाही. "ठाऊक होतं ना तुम्हाला? शब्द देतानाच ठाऊक होतं?"

हे बूट काढत होते. "हरली असती ती," म्हणाले.

"मग हरू द्यायचं होतं! पडू द्यायचं होतं! तिची घोडी, तिची मान, तिची हौस."

"तुला कळायचं नाही," हे म्हणाले आणि हातोडी शोधायला लागले. भिंतीवर खिळा ठोकायचा होता.

मिरीचा सांधा डॉक्टर म्हणाले तसाच पुढच्या वर्षी अडला. आता ती नवख्या पोरांना पाठीवर घेऊन गोल फिरते. लेकीने घोड्यावर बसणं सोडलं. भांडण नाही, रुसवा नाही, नुसतं सोडलं. शहरात एका मालवाहतुकीच्या कचेरीत लागली. हुशार आहे, वरिष्ठ तिच्या शब्दाबाहेर नाहीत असं ऐकते. मी मनात म्हणायचे, सुटली बिचारी. त्या फळ्यापासून तरी सुटली.

परवा तिचा फोन आला. मुख्य कचेरीत मोठी जागा निघाली होती. साहेबांनी तिला स्वतः बोलावून सांगितलं होतं, अर्ज कर, तुझ्यासारखी माणसं हवीत. मी म्हटलं, "मग केलास ना?"

"नाही गं," ती म्हणाली. "त्या जागेला खूप जण आहेत. आमच्याच शाखेत एक छोटी जागा निघाली आहे, तिला केला. चौकशी केली मी आधी. तिघांचेच अर्ज आलेत."

तिचा आवाज अगदी साधा होता. शेजारी हे चहा पीत बसले होते, त्यांनी खुणेने विचारलं, काय म्हणते? मी सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं, वाटलं आता तरी या माणसाला काही लागेल.

यांनी कप खाली ठेवला. कितीतरी दिवसांनी यांचा चेहरा उजळला होता.

"शहाणी आहे पोर," हे म्हणाले.